घोंगडं आणि प्लायमाउथ

काळ्या गाडीचा फोटो काढणं सगळ्यात अवघड. पांढरी चालेल, खाकी चालेल, पण काळी नको, असं आमचे मास्तर म्हणायचे. काळी गाडी पुसून लख्ख केली की तिचा आरसा होतो. समोर जे असेल ते तिच्या दारात उतरतं. झाड उतरतं, भिंत उतरते, तिपाईवरचा कॅमेरा उतरतो, आणि आमच्याकडं तर अख्खं गाव उतरायचं. गाडीचा फोटो निघणार म्हटल्यावर माणसं गोळा व्हायचीच. गाडीपुढनं हाकलली की ती कॅमेऱ्याच्या मागं जाऊन उभी राहायची, आणि मागं गेली की बरोब्बर दारात दिसायची. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. पाटीवर खडूनं काढल्यासारखी माणसं. मालक लोकांना ते खपायचं नाही. त्यांनी पैसे गाडीच्या फोटोचे दिलेले असायचे, गावाच्या फोटोचे नव्हे.

मी १९७६ साली दहावी झालो. पुढं शिकवायची घरात ऐपत नव्हती. दोन एकर जिराईत रान, आणि आबा, म्हणजे माझे वडील, वाड्यावर सालगडी. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या मागं एक फोटो स्टुडिओ होता, तिथं मी पोऱ्या म्हणून लागलो. स्टुडिओचा मालक आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचा, म्हणून सगळा तालुका त्यांना मास्तर म्हणायचा. झाडलोट, पाणी भरणं, पडदे बदलणं, बाळाला खुळखुळा दाखवून हसवणं ही माझी कामं. पुढं हळूहळू डार्क रूममध्ये शिरकाव झाला.

तुम्ही म्हणाल, त्या काळी खेड्यापाड्यात गाड्या होत्या कुठं, आणि त्यांचे फोटो कोण काढून घेतंय? गाड्या थोड्याच होत्या, म्हणूनच तर त्यांचे फोटो निघायचे. जत्रेत फोटोवाले पुठ्ठ्याची रंगवलेली मोटार घेऊन बसायचे. तिच्या मागं बसायचं, खोट्या स्टीअरिंगवर हात ठेवायचा की झाला फोटो. पुठ्ठ्याच्या गाडीवर ज्याची हौस भागायची नाही तो तालुक्याला येऊन मास्तरांना खऱ्या गाडीजवळ फोटो काढायला सांगायचा. खरी गाडी म्हणजे डॉक्टरांची फियाट. ती दवाखान्यापुढं उभीच असायची आणि डॉक्टर कुणाला नको म्हणत नसत. लग्नाच्या पोराला तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा करायचा, केसाला पाणी लावून भांग पाडायचा, आणि तो फोटो मुलीकडच्यांना पाठवायचा. त्या एका फियाटवर आमच्या भागातली निदान दहा लग्नं जुळली असतील. एकदा एका मुलीच्या बापाकडं दोन स्थळांचे फोटो आले आणि दोन्ही फोटोत गाडीचा नंबर एकच निघाला. मास्तर तेव्हापासून नंबराच्या पाटीपुढं पोराचा पाय येईल असं उभं करायला लागले.

ही फियाट आपल्या मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद शेठांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि १९४७ पासून तिथं अमेरिकन गाड्यांची जोडणी सुरू झाली. डॉज, प्लायमाउथ, फार्गोचे ट्रक हे सगळं आधी तिथूनच बाहेर पडलेलं. फियाट नंतर आली. मी स्टुडिओत होतो तेव्हा तिचं नाव पद्मिनी झालं होतं, पण लोकांच्या तोंडी फियाटच. तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरनं २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तेव्हा टीव्हीवर बघून मला डॉक्टरांचा दवाखानाच आठवला.

मास्तरांकडं यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. तो डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा आणि वरनं वाकून काचेत बघायचं. मला ते विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं. त्या काचेत डावं उजवीकडं दिसतं आणि उजवं डावीकडं. गाडीचा नंबर उलटा दिसतो. फिल्मवर मात्र सगळं सरळच येतं. पोटाच्या उंचीवरनं फोटो निघत असल्यामुळं गाडी भारदस्त दिसायची. उभ्यानं डोळ्याच्या उंचीवरनं काढला की टपच जास्त दिसतो आणि गाडी बसकी होते. फार जवळ जायचं नाही हाही मास्तरांचा नियम. जवळनं काढलं की पुढचं मडगार्ड गाल सुजल्यागत फुगतं. लांब उभं राहायचं, पुढचा दिवा आणि बाजू दोन्ही दिसतील असं तिरकं उभं राहायचं. आणि दुपारच्या उन्हात कधीच नाही. क्रोमच्या पट्टीवर ऊन पडलं की तिथं फिल्म जळून नुसता पांढरा वरबाडा उठतो. काचेवरची चकाकी फिल्टर लावून थोडी मारता येते, क्रोमपुढं फिल्टरचं काही चालत नाही. त्याला एकच उपाय, ऊन उतरायची वाट बघायची.

एका रोलमध्ये बारा फोटो. पूर्व जर्मनीची ओरवो फिल्म यायची, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू. बारातला एक वाया गेला की मास्तर दिवसभर बोलत नसत. म्हणून बटण दाबायच्या आधी दहादा बघायचे. आज माझा नातू मोबाईलवर एका मिनिटात म्हशीचे चाळीस फोटो काढतो. काढू दे बापडा. पण मास्तरांच्या त्या बघण्यात जे होतं ते मी अजून विसरलो नाही. पेरणीच्या आधी माणूस जसा आभाळाकडं बघतो, तसं ते गाडीकडं बघायचे.

फिल्म धुवायचं औषध मास्तर घरी करायचे. एक लिटर पाण्याला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, हायड्रोक्विनॉन पाच ग्रॅम, बोरॅक्स दोन ग्रॅम. शेजारच्या सोनाराचा काटा आणून मोजायचे. मेटॉलनं बोटांना खाज सुटायची आणि नखं तपकिरी पडायची. आई म्हणायची, ह्याला कसली नोकरी लागलीय, हात तर चांभाराच्या कुंडीत बुडवल्यासारखे दिसत्यात. औषधाला वीस डिग्रीचं पाणी लागतं. आमच्याकडं एप्रिलमध्ये नळाचं पाणी आंघोळीला चालेल इतकं कढत. जास्त गरम पाण्यात फिल्मवरचा थर सुटून साय धरल्यासारखा होतो. म्हणून दोन माठ ओल्या पोत्यात गुंडाळून डार्क रूममध्ये ठेवलेले असायचे, प्यायचे नव्हेत, फिल्मचे. पाहुणा आला की त्याला मी बाहेरच्या रांजणातलं कोमट पाणी द्यायचो आणि फिल्म माठातलं गार पाणी प्यायची.

रंगांची एक गंमत सांगायची राहिली. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखेचे होतात. डॉक्टरांची फियाट फिकट निळी होती का मोतिया, हे आज फोटो बघून कुणालाच सांगता यायचं नाही. मी पुढं पन्नाशी उलटल्यावर एका दसऱ्याला कोल्हापूरला कॅमेरा घेऊन गेलो. तिथं दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपतींचं घराणं मेबॅक गाडीतनं येतं. राजाराम महाराजांची ती जर्मन गाडी, रंग भगवा. चौकातली सगळी गर्दी त्या रंगाकडं बघत होती आणि माझ्या फिल्मवर तो रंग येणारच नव्हता. पिवळा फिल्टर लावला की भगवा उजळतो आणि मागचं आभाळ गडद होतं, एवढंच हातात. फोटो धुतल्यावर बघितलं तर गाडी मधोमध उजळ आणि भोवतीचे फेटे निरनिराळ्या राखेचे. बरा निघाला होता. पण शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं गाडीला हात जोडले होते, ते हात जास्त बरे निघाले होते.

आता वाड्यावरच्या गाडीकडं येतो.

आमच्या गावात वाडा एकच आणि वाड्यावर गाडी एकच. प्लायमाउथ, १९५० ची, काळी कुळकुळीत. बॉनेटच्या टोकाला शिडाचं गलबत. आमच्या गावानं समुद्र बघितला नव्हता. नदी म्हणजे कृष्णा, आणि तिच्यात नाव चालायची ती पावसाळ्यात पैलतीरी जायला. पण गलबत कसं असतं हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, ते त्या गाडीमुळं. तिला गावात कुणी प्लायमाउथ म्हणत नसे. गलबताची गाडी, नाहीतर नुसतं गलबत. मालक तालुक्याला निघाले की ‘गलबत निघालं’ म्हणायचे.

गाडी चालवायला ड्रायव्हर होता. पण ती पुसायची, रेडिएटरात पाणी घालायचं, थंडीत चालू होईना तेव्हा हँडल मारायचं, पावसात चाकाखाली दगड आणि कडबा घालायचा, हे सगळं आबाकडं. आबाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती, मी तीन वर्षांचा असताना. तीन बोटांच्या त्या हातानं तो गलबताची एकेक दोरी पुसायचा. आतल्या सीटवर मात्र कधी बसला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाला, “बैल धुतो म्हणून काय बैलावर बसतो व्हय?”

आणि आबा फोटोला तयार नसे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही त्याची पक्की समजूत. त्याच्या बापानं सांगितलेली. पोरगा स्टुडिओत कामाला, मास्तर फुकट काढून देतो म्हणतात, तरी नाही. मी दर महिन्याला पगार द्यायला घरी आलो की विषय काढायचो. तो म्हणायचा, “फुडल्या खेपंला बघू.” लग्नात निघाला नाही, जत्रेत निघाला नाही. रेशनकार्डाला तेव्हा फोटो लागत नव्हता.

१९७८ च्या दिवाळीनंतर वाड्यावरनं मास्तरांना बोलावणं आलं. मालकांना गाडीचा मोठा फोटो पाहिजे होता, बैठकीच्या खोलीत लावायला. नुसत्या गाडीचा. माणूस नको, पोरं नकोत, स्वतः मालकही नकोत. मास्तर आणि मी दुपारच्या एसटीनं आलो. आबानं पहाटेपासून गाडी धुतली होती. अंगणात शेणाचा सडा टाकला होता, धूळ बसावी म्हणून. ओली जमीन फोटोत गडद येते, त्यामुळं मास्तर खूश झाले.

पण गाडीच्या दारात बघितलं तर मागं सगळं गाव. मालक ओरडले, “चला रे, व्हा बाजूला.” माणसं दोन पावलं हटली की पुन्हा दीड पाऊल पुढं. आणि माणसं गेली तरी वाड्याची चुना दिलेली पांढरी भिंत मागं होतीच, तिला कुठं हाकलणार? मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, “काळं काही आहे का? मोठं कापड?” आबा पळत जाऊन गोठ्यातलं स्वतःचं घोंगडं घेऊन आला. ज्याच्यावर तो निजायचा ते. धनगराकडनं घेतलेलं, काळंभोर. मास्तर म्हणाले, हे माझ्या मागं उंच धरा दोघांनी. मग आबानं एक टोक धरलं आणि दुसऱ्या गड्यानं दुसरं. घोंगड्याची काळी सावली दारात पडली आणि दार एकदम विहिरीसारखं खोल काळं झालं. मालक बघून हसले. मलाही मास्तरांचा अभिमान वाटला.

दिवस मावळतीला वाड्याच्या भिंतीआड गेला होता. उजेड मऊ, सगळीकडनं सारखा. मास्तरांनी भिंग बारीक केलं, सेकंदाचा आठवा भाग लावला, आणि सवयीनं म्हणाले, “हलू नका.” गाडी थोडीच हलणार होती. मास्तरांच्या मागं घोंगडं धरलेला आबा मात्र श्वास रोखून उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्यालाच सांगितलं. असे चार फोटो काढले.

दोन दिवसांनी डार्क रूममध्ये मी मोठा कागद औषधात सोडला. लाल दिव्याखाली आधी काळं येतं. मडगार्ड आलं, चाकं आली, मग क्रोमच्या पट्ट्या, मग गलबत. मग दाराच्या वरच्या बाजूला, घोंगड्याची काळी कड संपते तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी उजळ राहिलं. मी वाकून बघितलं. पटका, पटक्याखाली चेहरा. आणि घोंगड्याच्या कडेवरनं पुढं आलेली बोटं. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन. तिसरं बोट म्हणजे अंगठा, तो घोंगड्यामागं होता. शेजारचा गडी हलला होता, त्याचं नुसतं धुकं झालं होतं. आबा हलला नव्हता.

मी मास्तरांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, माझ्याकडं बघितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालकांना दार स्वच्छ पाहिजे.” त्यांनी शाई घोटायला लावली, बारीक कुंचला घेतला आणि टिंब टिंब करत ते झाकून टाकलं. पंधरा मिनिटांचं काम. धंदा म्हणजे धंदा, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. निगेटिव्हला मात्र त्यांनी हात लावला नाही. निगेटिव्ह खरवडायची, रंगवायची पद्धत होती, त्यांनाही येत होती. त्यांनी ती तशीच बटर पेपरच्या पाकिटात घातली आणि वहीत नंबर लिहिला. वाड्यावरचा फोटो फ्रेममध्ये बसला. आबा रोज बैठकीची खोली झाडायला जायचा, रोज तो फोटो बघायचा. आपण त्यात होतो आणि पुसले गेलो, हे त्याला कळलं नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी घाबराच झाला असता.

१९७९ च्या पावसाळ्यात आबा काविळीनं गेला. मी स्टुडिओ सोडला आणि रान धरलं. त्यानंतरची पंचवीस वर्षं सांगण्यासारखी आहेत, पण ती पाण्याची आणि उसाची आहेत, या फोटोची नाहीत. वाडा फुटला, भावाभावांत वाटण्या झाल्या. गलबताची गाडी मागच्या चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच.

२००५ च्या सुमाराला मास्तर वारले आणि स्टुडिओ बंद झाला. कुणीतरी सांगितलं, निगेटिव्ह भंगारवाला नेणार आहे. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढणारे लोक किलोवर विकत घेतात. मी त्या दिवशी ऊसतोड सोडून गेलो. बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, चौदा. वह्या वाळवीनं खाल्लेल्या, त्यामुळं नंबराचा उपयोग नाही. मास्तरांच्या मुलानं सांगितलं, काका, पाहिजे ते घ्या. मी ओसरीत बसून एकेक पाकीट उजेडाला धरत राहिलो. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे आणि पांढरी टोपी काळी. सगळ्या तालुक्यातली नवरानवरी, मेलेली बाळं, ग्रुप फोटो, माझ्यासमोरनं गेले. बऱ्याच फिल्मना बुरशी लागली होती, काही एकमेकीला चिकटल्या होत्या. अकराव्या डब्यात गाडी सापडली. निगेटिव्हमध्ये काळी गाडी काचेसारखी आरपार दिसते, आणि दाराच्या वर एक काळा ठिपका. चार निगेटिव्हपैकी दोन शिल्लक होत्या. एन्लार्जर आणि यशिकासुद्धा मी भंगाराच्या भावात घेतला.

मळ्यातल्या खोलीत खिडकीला गोणपाट लावून डार्क रूम केली. तिथं एक नवीनच अडचण. मोटर चालू झाली की व्होल्टेज पडतं, एन्लार्जरचा बल्ब मंदावतो आणि फोटो फिका येतो. म्हणून मोटर बंद असताना, रात्री. नुसता चेहरा मोठा करायला गेलो तर तो फुटला. फिल्मवरच्या चांदीच्या कणांना ग्रेन म्हणतात, म्हणजे दाणा. फार मोठं केलं की चेहरा जातो आणि दाणे राहतात. शेवटी पोस्टकार्डाएवढा तुकडा ठरवला. पटका, चेहरा, घोंगडं, बोटं, आणि गाडीचं दार.

आईला दाखवला. तिनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, “ह्यो त्यो न्हाई.”

मी म्हणालो, बोटं बघ की.

“बोटं बघूनच म्हणते. त्याचा डावा हात तुटका हुता. ह्याचा उजवा हाय.”

मी चकित झालो. सत्तावीस वर्षांत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दारातलं प्रतिबिंब ते, आरशातल्यासारखं उलटं. मी तिला समजावून सांगितलं, आरसा आणून दाखवला. ती ऐकून घेत होती, पण तिचं समाधान होईना. पन्नास वर्षं जो माणूस समोर बघितला तो असा नव्हता. पटक्याचा शेमलाही भलत्या बाजूला होता. आरशातला नवरा तिनं कधी बघितलाच नव्हता, आमच्या घरात मोठा आरसा कुठं होता?

त्या रात्री मी निगेटिव्ह उलटी घातली आणि अख्खा फोटो पुन्हा छापला. आता आबा सरळ झाला. डावा हात डावीकडं, शेमला जागेवर. गाडी मात्र उलटी झाली. नंबर उलटा, आणि स्टीअरिंग उजवीकडनं डावीकडं गेलं, अमेरिकेत असतं तसं. आईनं तो फोटो बघितला आणि काहीच बोलली नाही. पदरानं पुसला, जरी त्यावर काही नव्हतं. नंतर एकदाच म्हणाली, “म्हणत हुता, फोटूनं आयुष्य कमी हुतं.” परत तो विषय तिनं काढला नाही. तो फोटो देव्हाऱ्याच्या वर लागला आणि ती गेल्यावरही तिथंच आहे.

तेव्हापासून मी जुन्या गाड्यांचे फोटो काढतो. ठरवून नव्हे, दिसेल तिथं. पेट्रोल पंपामागं बसलेली अँबॅसिडर, देवळाच्या धर्मशाळेत कोंबड्या घातलेली जीप, कडब्याखाली गाडलेला फार्गो. इलफर्डचा रोल मुंबईहून मागवावा लागतो आणि एका रोलच्या पैशात युरियाची दोन-तीन पोती येतात, त्यामुळं वर्षाला दोनच. घरात यावरनं बोलणी खावी लागतात. चिंचेखालच्या गलबताचाही काढला. आता त्या दाराला घोंगड्याची गरज नाही. रंग उडून पापुद्रे सुटलेत, समोर कुणी उभं राहिलं तरी काही दिसत नाही. गलबत कुणीतरी उपटून नेलं आहे, तिथं दोन भोकं आहेत.

गेल्या वर्षी वाड्यावरच्या मालकांचा नातू आला. पुण्यात असतो. गाडी पुन्हा उभी करायची त्यानं मनावर घेतलं आहे. क्रोमच्या पट्ट्या कुठपर्यंत होत्या, गलबत कसं होतं, हे बघायला जुना फोटो पाहिजे होता. त्यांच्या बैठकीतल्या फोटोला पाणी लागून तो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. कुणीतरी त्याला माझ्याकडं पाठवलं. मी निगेटिव्ह काढेपर्यंत तो देव्हाऱ्यापाशी उभा होता.

“काका, हा फोटो उलटा छापलाय,” तो म्हणाला. “स्टीअरिंग डावीकडं गेलंय. आमची राइट हँड ड्राइव्ह होती.”

म्हटलं, गाडी उलटी आहे, माणूस सुलटा आहे.

त्याला कळलं नाही. मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं मोबाईलनं फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करत गेला. दाणे दिसायला लागल्यावर थांबला.

“हे कोण?”

मी सांगितलं. घोंगड्याचं सांगितलं, शाईचं सांगितलं. तो बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या फोटोत इथं काहीच नाही.” मी म्हणालो, माहीत आहे. त्यानं विचारलं, दोन्ही मिळतील का, सुलटी गाडी आणि ही. मी म्हणालो, देतो, कागद संपलाय, आठ दिवसांनी या. जाताना पायरीवर थांबून त्यानं आबाचं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट. त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं.

त्या आठवड्यात लाईट रात्री साडेदहाला यायची. मी बॅटरी घेतली आणि मोटर चालू करायला मळ्यात गेलो.